सात नंबरवरचा फ्रीज

माझ्या साडूने निवृत्त झाल्यावर एक जुनी प्रवासी गाडी घेतली आणि तिचं घर करून घेतलं. चार महिने ती सुरतेच्या एका कारखान्यात होती. परत आली तेव्हा तिच्यात दोन पलंग, ओटा, पाण्याची टाकी, संडास आणि बॅटरीवर चालणारा एक फ्रीज होता. साडूने तेहतीस वर्षं सरकारी खात्यात अभियंता म्हणून काढली होती. उद्घाटन झालं नाही ते काम झालंच नाही, ही तिथली शिकवण त्याने निवृत्तीनंतरही सोडली नाही. त्यामुळे दसऱ्याला गाडीच्या पूजेची छापील पत्रिका घरी आली तेव्हा मला नवल वाटलं नाही. पत्रिकेत स्वागतोत्सुकांमध्ये माझंही नाव होतं, पदवीसकट.

नंदुरबारला त्याच्या घरासमोर मांडव घातला होता. फ्लेक्सवर मधोमध गाडीचा फोटो आणि कडेने गोल चौकटींत आम्ही सगळे, जणू गाडी निवडणुकीला उभी होती आणि आम्ही तिचे कार्यकर्ते होतो. प्रमुख पाहुणे म्हणून त्याचे एक माजी वरिष्ठ आले होते. त्यांनी स्वावलंबनावर वीस मिनिटं भाषण केलं आणि मग खुर्चीतून उठायला दोघांचा हात घेतला.

नारळ खरं तर पुढच्या चाकापाशी फुटायचा. पण फोटो काढणाऱ्याला पाहुणे, नारळ आणि फ्लेक्स एकाच चौकटीत हवे होते, म्हणून तो दाराच्या लोखंडी पायरीवर फोडला गेला. पायरीच्या खाली बॅटरीची पेटी होती. इंजिनाची बॅटरी वेगळी. ही घराची, म्हणजे दिव्यांची, पंख्याची आणि फ्रीजची. साडूने पेटीचं झाकण मुद्दाम उघडून ठेवलं होतं.

"बॅटरी म्हणजे गाडीचं काळीज," तो म्हणाला. "तिला हळदकुंकू नको का?"

गुरुजींनी हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या आणि कोणी काही म्हणायच्या आत पंचामृताच्या दोन पळ्या सोडल्या. नारळाचं पाणी पायरीच्या फटीतून आपलं आपण खाली गेलं. पेटीत बॅटरीची काळी वायर एका बोल्टने गाडीच्या सांगाड्याला कसलेली होती. ते सगळं त्या बोल्टवर साचलं. झाकण लागलं, टाळ्या वाजल्या.

पुढे जे झालं त्याची सुरुवात तिथे झाली, हे आत्ताच सांगून टाकतो. आम्हाला ते कळायला दहा दिवस लागले. वाचणाऱ्याला तेवढं ताटकळत ठेवण्यात काही अर्थ नाही.

माझी बायको गेली एकवीस वर्षं इन्सुलिनवर आहे. तिच्या शरीरात स्वतःचं इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. बाहेरून गेलं नाही तर दोन दिवसांत गोष्टी हाताबाहेर जातात, असं डॉक्टरांनी पहिल्याच वर्षी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं होतं. दोन प्रकारची इन्सुलिनं, दोन्ही पाण्यासारखी स्वच्छ. घरात ती फ्रीजमध्ये असतात, पण प्रवासात ती एक छोटं मडकं नेते. मडक्यात ओली वाळू, वाळूत डबी, डबीत बाटल्या, वरून ओलं फडकं. नंदुरबारमध्ये दिवसातून सहा तास वीज जायची तेव्हापासूनची तिची ही पद्धत. आम्ही दोन वेळा राजस्थान आणि एकदा पार दक्षिणेत जाऊन आलो, मडक्याने कधी दगा दिला नाही.

कोजागिरी झाल्यावर आम्ही चौघं निघालो. साडू, माझी मेहुणी, ही आणि मी. ही मडकं घेऊन गाडीत चढायला लागली तसा साडू दारात आडवा झाला.

"ताई, हे काय? फ्रीज आहे ना आपल्याकडे. मडकं पाहून लोक काय म्हणतील?"

"लोक कशाला पाहतील?"

"पाहणारच. दाखवायलाच तर चाललोय आपण त्यांच्याकडे."

मेहुणीने हळूच म्हटलं, "ताई, राहू दे ना. यांचा जीव आहे त्या फ्रीजवर." हिने माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. मला वाटलं, फ्रीज तो फ्रीज. मी आयुष्यभर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं आहे आणि मडक्यापेक्षा कॉम्प्रेसरवर माझा विश्वास जास्त असावा, हे मला शोभूनही दिसत होतं. मडकं त्यांच्या व्हरांड्यात राहिलं. बाटल्या फ्रीजमध्ये मागच्या थंड पत्र्याला टेकून, दह्याच्या भांड्याशेजारी बसल्या.

तोरणमाळला पोचायला एक दिवस पुरतो. आम्हाला तीन लागले, कारण वाटेत तापीकाठची गावं होती आणि त्या गावांत साडूचे पाहुणे होते. प्रत्येक वाड्यासमोर, प्रत्येक मळ्यात गाडी उभी राहायची, इंजिन चालूच राहायचं, कारण आतला गारवा दाखवायचा असायचा. मग केळी आणि ऊस सोडून माणसं यायची, चपला काढून गाडीत चढायची. साडू नळ सोडून दाखवायचा. दिवे लावून दाखवायचा. शेवटी फ्रीज उघडायचा, आणि आतला दिवा लागला की घरातल्या बायका एकमेकींकडे पाहायच्या. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी संडासाचं दार उघडून बराच वेळ निरीक्षण केलं आणि साडूला विचारलं, "म्हणजे जिथे जेवायचं तिथेच?" साडूने दार ओढून घेतलं. त्या एका प्रश्नासाठी मी त्या गृहस्थांचा आजही ऋणी आहे.

पहिल्या संध्याकाळी एका मळ्यात गाडी लावली, इंजिन बंद केलं, जेवलो. झोपण्याआधी हिने सुईसाठी फ्रीज उघडला आणि म्हणाली, "अहो, गार नाहीये."

दिवा लागत होता. पण श्रीखंडाचा डबा हाताला कोमट लागला. कान लावला तर कॉम्प्रेसरचा आवाज नाही. थोड्या वेळाने टक् असं झालं, काहीतरी सुरू होऊ पाहत होतं, आणि पुन्हा शांत. तीन-चार मिनिटांनी पुन्हा टक्.

साडूने बाहेरून वायर ओढून मळ्यातल्या घराच्या विजेवर लावायला साफ नकार दिला. गाडी स्वयंपूर्ण आहे, असं तो दिवसभर लोकांना सांगत आला होता. मग मी माझा मीटर काढला. तो मी प्रवासात नेतोच. काही लोक हनुमानचालिसा नेतात. फ्यूज काढून पाहिला, शाबूत होता. बटण, प्लग, वायर, सगळं जागच्या जागी. फ्रीजच्या प्लगवर मीटर लावला. बारा पूर्णांक सहा. भरलेल्या बॅटरीचा हाच आकडा असतो.

"वीज व्यवस्थित येतेय," मी जाहीर केलं. "फ्रीजला आपला आळस आहे. जरा जास्तीवर ठेवू." आणि मी आतली चकती तीनवरून सातवर नेली. सात म्हणजे सगळ्यात थंड.

ते मी केलं. साडूने नाही.

सकाळी निघालो आणि अर्ध्या तासात फ्रीज गुरगुरू लागला. दुपारी उघडला तर बर्फासारखी थंड हवा अंगावर आली. साडूने माझी पाठ थोपटली आणि पुढच्या गावी लोकांना सांगितलं की आमच्या सरांनी स्वतः दुरुस्त केला. मला ते ऐकायला बरं वाटलं, हे कबूल करतो. रात्री गाडी उभी राहिली की पुन्हा तेच टक्, टक्. पण सकाळी उघडला की दिवसभराचा गारवा थोडा उरलेला असायचा, बाटल्या हाताला थंड लागायच्या. आम्हाला तेवढं पुरेसं होतं.

दुसऱ्या संध्याकाळी हिची साखर दोनशे ऐंशी निघाली.

"एवढी कधी नसते," ती म्हणाली.

"दोन दिवस सगळीकडे काय काय पुढे येतंय बघ," मी म्हणालो. "बासुंदी, सुतरफेणी. तू नाही म्हणत असशील, पण माणूस चमचाभर घेतोच."

"मी चमचाभरही घेतलं नाही."

डॉक्टरांनी तिला एक तक्ता दिलेला आहे, साखर इतकी असली तर इतके युनिट वाढवायचे असा. तिने त्याप्रमाणे वाढवून सुई घेतली. सकाळी तीनशे दहा. ती म्हणाली, डॉक्टरांना फोन करते. मी म्हणालो, आधी दोन दिवस तोंडावर ताबा ठेव आणि मग फोन कर, नाहीतर ते तेच सांगतील. मी हे हसत म्हणालो. त्यामुळे ते वाईट दिसलं नाही आणि तिने फोन केला नाही.

तिसऱ्या दिवशी घाट चढलो. तोरणमाळचा घाट माणसाला गप्प करतो. साडूही गप्प होता, दोन्ही हातांनी चाक धरून. वळणावळणावर इंजिन ओरडत होतं आणि त्या ओरडण्यावर फ्रीज मजेत चालला होता. हिने घाटात तीन वेळा पाणी मागितलं. वर पोचेपर्यंत तिने दोन बाटल्या संपवल्या आणि तरी तिची जीभ कोरडीच होती.

वरती तलावाशी गाडी लावली. मी फ्रीज उघडला तर दह्याच्या भांड्यात मागच्या बाजूने बर्फाची पातळ कड धरली होती. ती मी सगळ्यांना दाखवली. "बघा," मी म्हणालो, "याला म्हणतात काम." बर्फाच्या कडेपासून चार बोटांवर तिच्या बाटल्या होत्या. त्यांतली एक मी उचललीही, थंड आहे ना पाहायला. दोन-तीन तासांनी तिने सुई भरली तेव्हा त्यात नेहमीसारखं स्वच्छ पाणी होतं.

सीताफळांचे दिवस होते. रस्त्याच्या कडेला पावरा आदिवासी बायका पाट्या घेऊन बसल्या होत्या, पिकलेली फळं पळसाच्या पानांवर मांडून. साडूने एक अख्खी पाटी घेतली. गाडीत तो वास भरून राहिला. मेहुणी आणि साडू बाहेर खुर्च्या टाकून खायचे. हिला त्यांनी एकदा विचारलं आणि हिने मान हलवली. संध्याकाळी साखर तीनशे नव्वद. ती पलंगावर आडवी झाली, आणि मी पांघरूण घालायला वाकलो तेव्हा तिच्या श्वासाला गोड वास आला. पिकल्या फळाचा, थोडा जास्तच पिकल्या फळाचा.

मी कचऱ्याची पिशवी उघडून पाहिली. साल नव्हती, बिया नव्हत्या. साडूने खाल्लेल्यांच्या बिया बाहेर एका कागदावर होत्या. माझी सगळी हयात मुलांना हे शिकवण्यात गेली की पुरावा सापडत नसेल तर आपलं अनुमान तपासून पाहा. मी उभ्या उभ्या ठरवलं की ती बिया तलावात टाकत असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली नाही. मळमळतंय, म्हणाली, पोटात दुखतंय. वास कालच्यापेक्षा जास्त होता. मेहुणी चहा करायला ओट्याशी उभी होती, तिच्यासमोरच मी म्हणालो, "इतकं असं लपूनछपून खायचं तर मला सांगून खा. मी काय अडवणार आहे?"

मेहुणीचा हात थांबला.

"काय खाल्लं मी?"

"सीताफळ. वास येतोय मला."

हिने छताकडे पाहिलं. मग म्हणाली, "तुम्हाला वास येतोय ना. मग खाल्लं असेल." आणि भिंतीकडे तोंड करून वळली.

तिने वाद घातला असता तर मी कदाचित जागा झालो असतो. एकवीस वर्षांत ती साखरेबद्दल माझ्याशी कधी खोटं बोलली नव्हती, हे मला तेव्हा आठवायला हवं होतं. त्याऐवजी, मी बरोबर होतो म्हणून ती गप्प बसली, असं मला वाटलं. फोनला रेंज नव्हती. कोणी शोधायला गेलंही नाही.

त्या दिवशी गाडी हलणार नव्हती, आणि दहा वाजेपर्यंत फ्रीज पार गप्प झाला. आता टक्ही होत नव्हतं. साडू अस्वस्थ झाला; बायकोच्या बहिणीच्या तब्येतीने नाही, फ्रीजने. मीही फ्रीजकडेच वळलो. सकाळच्या त्या बोलण्यानंतर गाडीच्या आत बसण्यापेक्षा बाहेर काहीतरी खोलून बसणं सोपं होतं.

जवळच्या खानावळीवाल्याने एक वायरमन पाठवला. पन्नाशीचा, वाळका माणूस, मूळचा नंदुरबारकडचा, अहिराणी बोलणारा. काही वर्षं नवापूरला कोंबड्यांच्या शेडवर वायरमन होता, आता वर येऊन पंप आणि सोलरची कामं करायचा. त्याच्याकडे मीटर नव्हता. एका जुन्या मोटारीच्या दिव्याला दोन वायरी जोडलेल्या होत्या, तेवढंच हत्यार.

मी त्याला माझा मीटर दाखवला. प्लगवर बारा पूर्णांक सहा.

"सर, त्याले काम द्या," तो म्हणाला. "रिकामा मानूसबी तंदुरुस्तच दिखस."

त्याने आपला दिवा प्लगला जोडला. दिवा लागला, पण विडीच्या टोकाएवढा लाल. मीटरचा आकडा माझ्या डोळ्यांदेखत बारावरून सातवर आला. दिवा काढला, पुन्हा बारा पूर्णांक सहा. पुन्हा लावला, पुन्हा सात. भार टाकल्यावर दाब किती उरतो ते मोजायचं असतं, हे मी तीस वर्षं फळ्यावर लिहीत आलो होतो. विद्यार्थ्यांना त्यावर हमखास प्रश्न यायचा.

"वझं टाकाबिगर काय समजाव?" तो म्हणाला आणि पायरीखाली शिरला.

त्याने बॅटरीच्या काळ्या टोकापासून एक सुटी वायर थेट फ्रीजपर्यंत ओढली. ती टेकवताच कॉम्प्रेसर घर्र करून सुरू झाला. म्हणजे बॅटरी चांगली होती, फ्रीज चांगला होता, मधली वाट बिघडली होती. मग त्याने तो बोल्ट खोलला. हिरवट पांढरा थर, त्यात लाल ठिपके आणि दोन तांदळाचे दाणे.

"बोल्टले कुकू कोनी लायं?"

साडू म्हणाला, "सगळ्याच यंत्राची पूजा केली होती. विधिवत."

"पूजा करी ते चांगलं करं, साहेब. पन बोल्टना खाल रंग खरडेल नही. आन वरतून हाई बठ्ठं पानी." त्याने बोट हुंगून पाहिलं. "दूधबी शे यामां."

साडू कारखान्यावर घसरला. रंग खरवडायची जबाबदारी कोणाची, करारात काय लिहिलं आहे, तो कोणाला पत्र लिहिणार आहे. वायरमन ऐकत ऐकत लोखंड घासत होता. मधेच त्याने मला विचारलं, "गाडी चालू व्हई का फ्रीज जोरमां येत व्हई ना?"

"हो. चालती असली की एकदम थंड. उभी राहिली की बंद."

"इंजिन जोर लावस ना. कितला नंबरवर ठेल शे?"

"सात."

त्याचा घासणारा हात थांबला. "सातवर दिनभर चाले ते मझार बरफ व्हस. रातले पातळ व्हस. काय ठेल शे मझार?"

"दही. भाजी. बायकोचं इन्सुलिन."

तो पायरीखालून बाहेर आला आणि उकिडवा बसला. आवाज खाली आणून त्याने सांगितलं, "नवापूरले एक शेडवर आसंच व्हयनं व्हतं. कोंबड्यासनी लस गोठी गयी, परत पातळ व्हयनी. दिखाले जशीनी तशी. टोची दिधी. कोनलेच समजनं नही." त्याने हात झटकला. "आठ दिनमां शेड रिकामं."

साडू अजून करारावरच होता. गाडीच्या आतून मला एक आवाज ऐकू येत होता, तो बहुधा बऱ्याच वेळापासून येत होता. धापा टाकल्यासारखा श्वास. खोल, भराभर, एका लयीत, डोंगर चढून आलेल्या माणसाचा असावा तसा. पण ती तर सकाळपासून पलंगावर पडून होती.

मी आत गेलो. मेहुणी तिच्या उशाशी बसली होती, घाबरलेली. हिचे डोळे अर्धे उघडे होते आणि ओठांवर पांढरी साय धरली होती. मी वाकलो. गाडीतली पाटी मेहुणीने केव्हाच बाहेर नेऊन ठेवली होती. आत एकही फळ नव्हतं आणि वास होता. आणि मग मला एकवीस वर्षांपूर्वीची ती खोली आठवली, समोर बसवून डॉक्टरांनी सांगितलेल्या गोष्टी. तहान. उलटी. खोल श्वास. श्वासाला फळासारखा गोड वास. त्यांनी ते आम्हाला दोनदा म्हणायला लावलं होतं.

साडूला मी काय सांगितलं ते मला आठवत नाही. वायरमनने बोल्ट तसाच सोडून झाकण लावलं आणि पुढच्या सीटवर चढला, दवाखान्याची वाट दाखवायला. दवाखाना तोरणमाळमध्येच होता, चार मिनिटांवर. वर आल्यापासून आम्ही त्याच्यावरून दोन वेळा गेलो होतो.

तिथल्या नर्सबाईंनी तिच्या जवळ जाताच वास ओळखला. बोटातून थेंब घेतला. मशीनवर आकडा आलाच नाही, नुसतं अक्षर आलं, म्हणजे मोजता येईल त्याच्या पलीकडे. डॉक्टर तरुण होते. सलाईन लागलं. इन्सुलिन त्यांच्या फ्रीजमधून आलं; आमचं गोठून निकामी झालेलं होतं. नर्सबाईंनी बाटली काढताना आतला तापमानाचा आकडा पाहिला, वहीत लिहिला आणि मगच दार लावलं. मी ते पाहत होतो.

"वास कधीपासून येतोय?" डॉक्टरांनी विचारलं.

"काल संध्याकाळपासून."

"कालपासून? आणि आज दुपारी आणताय?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही प्राध्यापक ना? तुम्हाला काय वाटलं?"

साडू मागून म्हणाला की फ्रीजच्या अर्थिंगमध्ये तांत्रिक दोष होता. डॉक्टरांनी त्याला बाहेर थांबायला सांगितलं. मग पलंगावरून, डोळे न उघडता, ही बोलली. शब्द जड येत होते, पण स्पष्ट होते.

"यांना वाटलं सीताफळ."

नर्सबाई सलाईनची पट्टी चिकटवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. डॉक्टरांनी सलाईनचा वेग तपासला. मग ते म्हणाले, पुढचे बारा तास पाहू, खाली न्यावं लागलं तर रुग्णवाहिका सांगून ठेवतो, आणि पोटॅशियम घसरलं तर हृदयाला त्रास होऊ शकतो, हे तुम्हाला माहीत असायला हवं. हे त्यांनी अगदी सरळ आवाजात सांगितलं. मी व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. वायरमन थोडा वेळ शेजारी बसला, मग उठला. जाताना त्याने विचारलं, "ताईले बरं वाटी ना?" मी म्हणालो, माहीत नाही. तो म्हणाला, नवापूरची गोष्ट मी सांगाले नको व्हती. मी त्याला म्हणालो की ती त्याने सांगितली नसती तर आम्ही अजून बोल्टच घासत बसलो असतो.

खाली न्यावं लागलं नाही. दर तासाला थेंब, दर तासाला आकडा, आणि प्रत्येक आकड्याला मी उठून दारात जायचो. श्वास हळूहळू उथळ आणि शांत झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने पाणी मागितलं आणि घोटभरच घेऊन ग्लास परत दिला. नर्सबाईंनी नवीन आकडा पाहिला आणि तिच्या कानाशी वाकून सांगितला. ती थोडी हसली.

"किती?" मी दारातून विचारलं.

"ठीक आहे," ही म्हणाली.

मी नर्सबाईंकडे पाहिलं. त्या पलीकडच्या पलंगाकडे वळल्या होत्या.

चार दिवसांनी आम्ही नंदुरबारला आलो, भाड्याच्या जीपमधून. साडूने नंतर बोल्टखालचा रंग खरवडून घेतला, बॅटरीपासून फ्रीजपर्यंत जाड वायर थेट ओढून घेतली. आता इंजिन बंद असतानाही फ्रीज रात्रभर चालतो, असं तो सांगतो. कारखान्याला त्याने चार पानी पत्र लिहिलं. माझ्या मीटरबद्दल त्यात काही नाही, त्याने मोठ्या मनाने ते वगळलं आहे. पुढच्या वर्षी उकई धरणाकडे जाऊ, म्हणतो. मेहुणी विषय बदलते.

हिची तब्येत तशी सावरली आहे. डोळ्यांची तपासणी लागोपाठ दोनदा झाली, दुसऱ्या वेळी डॉक्टर जरा जास्त वेळ पाहत होते. काय म्हणाले ते तिने बहिणीला फोनवर सांगितलं. मी बाहेरच्या खोलीत होतो, मला अर्धंच ऐकू आलं.

पूर्वी साखर ती स्वयंपाकघरात माझ्यासमोर मोजायची. मशीन टेबलावर ठेवायची, आकडा आला की मोठ्याने वाचायची आणि मी तो कॅलेंडरवर लिहायचो. एकवीस वर्षांची ती कॅलेंडरं कपाटात आहेत. आता मशीन तिच्या खोलीत असतं आणि एक निळी वही असते. मी एकदा विचारलं, पुन्हा एकदा विचारलं. दोन्ही वेळा ती चिडली नाही. रागावली असती तर मला काही म्हणता आलं असतं.

आज सकाळी मशीनचा आवाज आला तेव्हा मी चहा गाळत होतो. वहीचं पान उलटल्याचं ऐकू आलं, मग ड्रॉवर लागला. ती बाहेर आली, कप घेतला, खुर्चीवर बसली.

"ठीक आहे," ती म्हणाली.

मी विचारलं नव्हतं.